सावर, खाण आणि एक मीटर जमीन: वेताळ टेकडीच्या वर्षभराच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

आजपासून सुरू. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर तीन जागा पक्क्या करायच्या, दर पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी जायचं आणि त्याच जागेवरून तोच फोटो काढायचा, पूर्ण वर्षभर. बाबा तीस वर्षं रोज टेकडीवर जायचे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते बंद झालं, आता मी वरून आले की दारातच विचारतात, "काय गं, सावरीची पानं गळाली का?" मला नीट उत्तर देता येत नाही कारण मी चालते पण बघत नाही, आणि बघितलं तरी मागच्या वेळी काय होतं ते आठवत नाही. म्हणून हा खटाटोप.

जागा एक: खाणीच्या काठावरचा सपाट खडक, कॅमेरा पूर्वेकडे, खाली पाणी, समोर गाव, डाव्या कडेला एक मोईचं झाड. जागा दोन: काटेसावर, गोखलेनगरच्या बाजूने चढलं की पाऊलवाटेला लागून आहे ती. जागा तीन म्हणजे एक मीटर बाय एक मीटर जमीन. खुंट्या वगैरे ठोकल्या नाहीत, चार कोपऱ्यांना तिथलेच चार दगड हेरून ठेवलेत. खडकावर रंगाने खूण करायचा मोह झाला होता पण टेकडी आपल्या एकटीची नाही. खडकाला एक खाच आहे तिच्यात ट्रायपॉडचा पुढचा पाय बसतो, तेवढं पुरतं.

कॅमेरा जुनाच, सेकंड हँड घेतलेला, १८-५५ मिमीची किट लेन्स, एक ५० ची, आणि लांबचं जवळ आणणारी एक ५५-२५०. ठरलेलं सेटिंग: २४ मिमी, एफ ८, आयएसओ १००, सगळं रॉ मध्ये, म्हणजे रंग नंतर बदलता येतील अशा कच्च्या फाइलमध्ये.

२४ नोव्हेंबर

व्हाइट बॅलन्सची, म्हणजे रंग किती गरम किंवा थंड दिसावेत त्या सेटिंगची, चूक लक्षात आली. मागच्या वेळी ऑटोवर होता. गवत आता सगळं सोनेरी-तांबूस झालंय, डोळ्यांना अगदी गव्हाच्या शेतासारखं दिसतं, आणि कॅमेऱ्याने ते स्वतःच्या बुद्धीने थंड करून फिकट पिवळट करून टाकलं. म्हणजे जो ऋतू पकडायला गेले तोच कॅमेऱ्याने पुसला. रॉ असल्यामुळे दुरुस्त होतं पण दरवेळी आठवणीवरून रंग लावत बसले तर तुलना कशाची करायची. आजपासून ५२०० केल्विनला फिक्स, वर्षभर हात लावायचा नाही. पहिला फोटोही त्याच आकड्यावर आणून ठेवला.

एक मीटर जागेत पूर्ण कुसळी गवत. मोजे भरून कुसळं घरी आली. रात्री एकेक उपटून काढताना एक कुसळ ओल्या फरशीवर पडलं आणि ते हळूहळू फिरायला लागलं! खरंच, पीळ उलगडत गोल फिरत होतं. मग मुद्दाम दुसरं घेतलं, ड्रॉपरने थेंब टाकला, ५० च्या लेन्सला एक्स्टेन्शन ट्यूब (अगदी जवळून फोटो घेता यावा म्हणून लेन्समागे लावायची नळी) लावून दर पाच सेकंदाला एक असे फोटो काढले. कोरडं असताना त्या लांब केसाला दोरीसारखा पीळ असतो, ओलं झालं की पीळ सुटतो, वाळलं की परत बसतो, आणि या उलटसुलट फिरण्याने खालचं टोकदार बी जमिनीत स्क्रूसारखं घुसत जातं. टोकाला मागे वळलेले तपकिरी केस आहेत त्यामुळे ते परत बाहेर येत नाही. मोज्यातून का निघत नाही तेही कळलं. बाबा चहा थंड होईपर्यंत बघत बसले होते.

२२ डिसेंबर

काल सगळ्यात लहान दिवस झाला. खाणीवरून सूर्य उगवताना धरला, पार उजवीकडे, पर्वतीच्या बाजूला सरकलाय. पुण्यात डिसेंबरची उगवती आणि जूनची उगवती यांच्यात क्षितिजावर जवळपास ५० अंशांचा फरक पडतो, म्हणजे जूनमध्ये तो येरवड्याच्या बाजूने वर येणार. माझ्या २४ मिमीच्या फ्रेममध्ये दोन्ही टोकं जेमतेम बसतील असं वाटतंय.

शहरावर धुराचा आणि धुळीचा थर बसलेला, एकदम सरळ रेघ मारल्यासारखा. थंड हवा खाली साचते आणि वरून उबदार हवेचं झाकण बसतं म्हणून तो वर जात नाही. आपण टेकडीवर त्या रेघेच्या वर उभे असतो. फोटो म्हणून सुंदर आहे पण आपण सगळे रोज त्या रेघेच्या खाली राहतो.

सावर निम्मी उघडी झाली.

१२ जानेवारी २०२५

सावर पूर्ण निष्पर्ण. फांद्यांच्या टोकांना कळ्या, गोल, हिरवट तपकिरी, बोराएवढ्या. खोडावरचे काटे जवळून घेतले, प्रत्येक काट्याला तळाशी झाडाच्या वयासारखी वलयं आहेत. सकाळी सात दहाच्या सुमारास सूर्य येतो आणि पहिली पंधरा मिनिटं खोडावर तिरपा उजेड पडतो तेव्हा प्रत्येक काट्याची लांब सावली पडते. साडेसातनंतर तेच खोड सपाट दिसतं.

परवा संक्रांत. बाबांनी आज विचारायच्या आधी मी सांगितलं, कळ्या धरल्यात.

२६ जानेवारी

उमलली! मोजून अकरा फुलं. एका फुलावर भोरड्या, एकावर बुलबुल, मग कावळा आला आणि सगळे उठले, परत बसले. ५५-२५० पूर्ण लांबवून सुद्धा पक्षी लहानच येतात पण मला तसेच हवेत, झाडासकट. फक्त पक्ष्याचं पासपोर्ट फोटोसारखं तोंड घेतलं की तो कुठल्या झाडावर होता, झाडाला पानं होती का, मागे आकाश कसं होतं, काहीच उरत नाही.

खाली पडलेलं एक फूल उचलून बघितलं. पाच जाड मांसल पाकळ्या, हाताला मेणासारख्या लागतात, आत पुंकेसरांचे जुडगे, आणि पेल्याच्या तळाशी अजून थोडा गोड चिकट रस, त्यात तीन मुंग्या. परत होतं तिथे ठेवलं.

९ फेब्रुवारी

फोटो नाही. व्हायरल ताप, आठ दिवस झोपून.

२३ फेब्रुवारी

गेले पण बहर उतरलाय. खाली सडा, बऱ्याच फुलांचा तपकिरी लगदा झालेला, वर फांद्यांना शेवटची काही फुलं. म्हणजे माझ्या मालिकेत सावरीचा भर बहरच नाही. खूप वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, तिथेच दगडावर बसून राहिले. रोज येणारे एक आजोबा आहेत, काठी टेकत येतात, ते थांबले. म्हणाले, "काय झालं बाळा?" मी सांगितलं. ते म्हणाले, "अगं मग पांगारा बघ ना, तो आत्ता लागलाय." आणि मला खाणीच्या पलीकडे घेऊन गेले.

पांगारा खरंच पेटल्यासारखा. जवळच सोनसावर, काही लोक गणेर म्हणतात, पिवळीजर्द फुलं, झाडावर एक पान नाही. दोन्हीचे फोटो घेतले पण सावरीची ९ फेब्रुवारीची जागा रिकामीच ठेवणार आहे. दुसऱ्या कुणाचा फोटो मागून तिथे बसवणार नाही.

९ मार्च

आज लिहायचंय भरपूर.

टेकडी करडी झालीय, गवत आडवं झालंय, वाटेवर पाय टाकला की धूळ उडते. खाली पार्किंगपाशी एक ग्रुप भेटला, कॅमेरे गळ्यात, म्हणाले आत्ता वर काही नाही हो, पावसाळ्यात या. मला पटत नाही हे. आजच्या एका सकाळी मी फुललेली झाडं मोजली: पळस, पांगारा, सोनसावर, वारस, मोई, सालई. सहा. यातल्या बहुतेकांवर पान नाही. आणि हे काही योगायोगाने नाही. पानं गाळल्यामुळे झाडाचं पाणी वाचतं, फुलं लांबून दिसतात, पक्ष्यांना आणि मधमाश्यांना मधे पानांचा अडथळा नसतो, आणि मुख्य म्हणजे आत्ता फुललं तर मेपर्यंत बी तयार होतं, उन्हाळ्याच्या कोरड्या वाऱ्यावर कुणाचं पंखाने कुणाचं कापसाने लांब जातं, आणि पाऊस पडेल त्या दिवशी ते जमिनीवर हजर असतं. इथल्या झाडांचं वर्ष या कोरड्या दिवसांत सुरू होतं. आपण हिरव्या रंगाला ऋतू समजतो म्हणून आपल्याला ही टेकडी मेलेली वाटते.

मोईची फुलं तर कुणी बघतच नाही. खाणीच्या फ्रेममधली डावीकडची मोई, तिला हिरवट पिवळी, मिरीएवढी फुलं, टोकांना लोंबणाऱ्या तुऱ्यांत. मी कॅमेरा घेऊन जवळ गेले नसते तर मलाही कळलं नसतं. झाडाखाली उभं राहिलं की नुसता गुंगुं आवाज येत होता माश्यांचा.

ग्लिरिसिडियाबद्दल एक. फिकट गुलाबी बहर दिसतो, फोटोत गोड दिसतो, लोक चेरी ब्लॉसम म्हणून टाकतात. ही झाडं मूळची मध्य अमेरिकेकडची, वनीकरणात लावलेली, आणि टेकडीचा केवढा तरी भाग त्यांनी व्यापलाय. मी त्यांच्या दाटीत खाली बसून जमिनीचा फोटो घेतला, आणि दहा पावलांवर सालईखालचा घेतला. सालईखाली चार प्रकारचं वाळकं गवत, वेलाचे अवशेष, मुंग्यांचं वारूळ. ग्लिरिसिडियाखाली फक्त पाला. दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवणार.

१६ मार्च

एक्स्ट्रा फेरी. धुळवडीनंतर कधीतरी दक्षिण उतारावर वणवा लागून गेलाय. कुणी लावला का कुणाची विडी, माहीत नाही. माझी एक मीटर जागा थोडक्यात वाचली, काळी कड तिथून हातभर अंतरावर थांबलीय. जळलेल्या पट्ट्यावर कोतवाल आणि वेडे राघू खाली उतरून किडे टिपत होते. राखेत एका सरड्याचा सांगाडा, शेपटीसकट, पूर्ण. फोटो काढला. कुणाला दाखवावासा वाटत नाही, पण मालिकेत राहील.

१३ एप्रिल

सावरीला बोंडं. नवी पानं पण आली, कोवळी, चकचकीत, पंज्यासारखी. ऊन नऊ वाजताच बोचतं.

२७ एप्रिल

बोंडं फुटली. कापूस वाऱ्यावर. शटर १/१००० ठेवून उडता कापूस सूर्याच्या उलट बाजूने धरला, प्रत्येक पुंजक्यात काळं बी स्पष्ट दिसतंय. खाली येताना रस्त्यावरचा बहावा पूर्ण पिवळा, सोसायटीच्या दारात ताम्हण जांभळी. मेडशिंगीची पांढरी फुलं पण लागलीत, वास संध्याकाळी जास्त येतो.

१३ मे, मंगळवार

ऑफिसला अर्धा दिवस सुट्टी टाकली. शून्य सावली दिवस. पुण्यात सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, एकदा मेच्या मध्यात आणि एकदा जुलैच्या शेवटी, पण जुलैत ढगांमुळे दिसायची आशा नसते. दुपारी साधारण १२ वाजून ३१ मिनिटांनी. खाणीच्या खडकावर स्टीलचा सरळ पेला उपडा ठेवला आणि वरून फोटो घेत गेले, १२:२० पासून. ढग ये-जा करत होते. १२:३० ला सावली पेल्याच्या कडेखाली शिरली, १२:३१ ला काहीच नाही, नुसता पेला खडकाला चिकटवल्यासारखा. नंतर दुसऱ्या बाजूने बारीक काळी कोर आली. माझी स्वतःची सावली पायाखाली. घरी बाबांनी पण गॅलरीत डबा ठेवून बघितलं, फोनवर दोघं एकदम "गेली!" म्हणालो.

२५ मे

हे असं होईल असं वाटलं नव्हतं. मेच्या मध्यापासून वळीव सुरूच आहेत, वीस तारखेच्या आसपास तर चांगला झोडपला. काल, २४ मेला, मान्सून केरळात आला, नेहमीची तारीख १ जून.

सावरीचा जो कापूस अजून झाडावर होता तो ओला होऊन फांद्यांना चिकटलाय, मळकट बोळे. उडायचा राहिला. बहाव्याची फुलं झडून रस्त्यावर. माझ्या डोक्यात मेच्या शेवटच्या फोटोचं चित्र तयार होतं, भेगाळलेली जमीन, पांढरं आकाश, ते या वर्षी नाहीच.

१ जून

मान्सून २६ मेला मुंबईपर्यंत पोचला, एरवी ११ जूनच्या आसपास येतो. त्याच दिवशी पुण्यात. रोहिणी नक्षत्रातच सगळं भिजलं, मृग लागायला अजून आठवडा आहे.

एक मीटर जागा: हिरवी लव. मी गुडघ्यावर बसून भिंग लावून मोजायचा प्रयत्न केला, एका ताटलीएवढ्या भागात शंभराच्या वर कोंब, पुढे सोडून दिलं. मृगाचा किडा, लाल मखमली, एकच दिसला, तो पण ओल्या मातीवर इतका हळू चालत होता की १/३० ला सुद्धा स्थिर आला. नोव्हेंबरमध्ये याच जागेतून माझ्या मोज्यात आलेल्या कुसळांचे भाऊबंद आता उभे राहतायत.

नवरंग पक्ष्याची शीळ ऐकली! दोन सुरांची, पहाटे, ग्लिरिसिडियाच्या आतून. दिसला नाही.

८ जून

काळ्या मुसळीची पिवळी चांदणी, जमिनीला टेकून, सहा पाकळ्या. एक मीटर जागेतलं वर्षातलं पहिलं फूल. पोटावर झोपून घेतला, शर्ट चिखलाने भरला, पण फुलाच्या उंचीवरून बघितलं तर मागचं गवत जंगलासारखं दिसतं.

आज एक प्रकार बघितला आणि डोकं तापलं. चारपाच जण मोबाईलवर नवरंगाचा आवाज स्पीकरवर लावून त्याला बाहेर बोलवत होते. तो येतो कारण त्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय. विणीचे दिवस आहेत, त्याने घरटं बांधायचं, अळ्या-गांडुळं शोधायची का यांच्या स्पीकरशी भांडायचं? मी जाऊन सांगितलं, "दादा, प्लीज बंद करा, विणीचा सीझन आहे." एकाने लगेच बंद केला, सॉरी म्हणाला, त्याला खरंच माहीत नव्हतं. बाकीचे पुढे गेले आणि थोड्या वेळाने लांबून परत तोच आवाज. माझ्याकडे नवरंगाचा फोटो नाही आणि असा मिळणार असेल तर नको.

२२ जून

परवा पालख्या पुण्यात आल्या, गाव भरून गेलंय. आज सूर्य येरवड्याच्या बाजूने उगवला असणार, ढगांमुळे दिसला नाही, फक्त तिकडचा ढग आधी उजळला. डिसेंबरच्या फोटोवर ठेवून बघितलं, फ्रेमच्या डाव्या कडेला मोईच्या मागेच येतोय. बसतंय जेमतेम.

एक मीटर जागेच्या कडेला जमिनीवरची आमरी, म्हणजे ऑर्किड. एकच गोल पान मातीला चिकटलेलं, त्यातून बोटभर दांडा आणि पांढरी फुलं. वाटेपासून वीतभरावर. आजोबा म्हणाले दरवर्षी येते इथे. मी दहा वर्षं तिच्या शेजारून चालत गेलेय.

२० जुलै

५० च्या लेन्समध्ये फंगस. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. दुकानात साफ करायला दिली, परत आली तर फोकस रिंग अडकते, दोनदा खेटे घातले. आता सगळ्या लेन्स हवाबंद डब्यात, सिलिका जेल घालून, आणि टेकडीवरून आलं की पुसून पंख्याखाली तासभर ठेवूनच डब्यात. पावसात फोटो काढणाऱ्यांनी हे पहिल्या दिवसापासून करा, मी जूनचा महिना ओली बॅग तशीच कपाटात टाकत होते.

केना, आभाळी, निळं जांभळं बारीक बारीक. खाण तुडुंब.

३१ ऑगस्ट

गणपतीचे दिवस. टेकडीवर गर्दी, सगळे हिरव्यात सेल्फी घेतायत, छान वाटलं खरं तर. तेरडा गुलाबी, कुर्डू वर यायला लागलाय. मोराचं पीस मिळालं वाटेत, पिसं गळायचे दिवस. आजोबांनी कळलावी दाखवली, लाल पिवळी, पानाच्या टोकाने दुसऱ्या झुडपाला धरून वर चढलेली. पान संपतं तिथेच त्याचा आकडा होतो, तो जवळून घेतला.

खाणीचा फोटो घाईत घेतला, मागे लोक थांबले होते.

२ ऑक्टोबर, दसरा

आपट्याच्या झाडाचा फोटो, ओरबाडलेल्या फांद्यांसकट. पानाऐवजी फोटोच पाठवला सगळ्यांना.

१२ ऑक्टोबर

गवताला तुरे. एक मीटर जागेत कवळ्याची पिवळी फुलं संपत आली, गवत माझ्या गुडघ्याच्या वर. पहिली भोरडी परत. सावर अजून हिरवीगार.

९ नोव्हेंबर

वर्ष झालं. खाणीचे चोवीस फोटो झाले, एक जागा रिकामी. ए-थ्री कागदावर तिन्ही जागांच्या तीन ओळी प्रिंट करून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावल्या. मी सावरीची ओळ बघत होते, आई एक मीटरची. बाबा मात्र चष्मा लावून खाणीच्या ओळीपाशी बराच वेळ उभे.

मग म्हणाले, "अगं, या मोईची खालची फांदी कुठे गेली?"

मी बघितलं. ऑगस्टच्या मध्यातल्या फोटोत आहे. ३१ ऑगस्टच्या फोटोत नाही. त्यानंतर मी तिथे पाच वेळा उभी राहिलेय, व्ह्यूफाइंडरमधून दरवेळी तीच कड जुळवून घेतलीय, आणि मला दिसलं नाही.

दुपारीच परत वर गेले. फांदी झाडाखाली गवतात पडलीय, मनगटापेक्षा जाड. कोयत्याचा घाव नाही, जिथून तुटली तिथे लाकूड आतून भुसभुशीत आहे, पावसाच्या वजनाने गेली असणार. सालीवर वाळलेल्या अळंब्यांची रांग, पांढऱ्या, नखाएवढ्या. तिच्याखालचं गवत फिकट आणि आडवं. पाच फोटो काढले, झाडावरची तुटल्याची जागा पण घेतली. पुढच्या वर्षीपासून ही फांदी चौथी जागा. बाबा म्हणाले, "अंतर मोजून ठेव, खोडापासून." उद्या ऑफिसआधी टेप घेऊन जाते.